गाडी शेवटी घे

सोलापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सत्या,

तुझा फोन आल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. फोनवर नीट बोलणं होत नाही म्हणून लिहायलाच बसलो. तू मोटरसायकलच्या रेसमध्ये उतरायचं म्हणतोस याचा मला किती आनंद झालाय ते कागदावर मावणार नाही. पण पुढच्याच दमात तू म्हणालास की चारशे सीसीची गाडी बुक करतोयस, सायलेन्सर आणि एअर फिल्टरही बघून ठेवलेत. तिथं माझा जीव अडकला. सत्या, गाडी शेवटी घे. आत्ता नको बे.

आपल्याकडं राष्ट्रीय स्पर्धेत नवशिक्यांसाठी नोव्हिस गट असतो. त्यात १६५ सीसीपर्यंतच्या, कंपनीतून आल्या तशाच गाड्या पळतात. म्हणजे तुझी चारशेची गाडी घरी उभी राहणार आणि हप्ते तेवढे चालू. त्याहून सोपी वाट वन-मेकची, म्हणजे एकाच कंपनीच्या गाड्यांच्या स्पर्धेची. टीव्हीएस १९९४ पासून अशी स्पर्धा भरवतं. गाडी कंपनीची, सगळ्यांना एकसारखी, मेकॅनिकही त्यांचेच. निवड लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीच्या, वेळेवर होते. एकसारख्या गाडीवर पुढचा पोरगा तुझ्यापेक्षा दोन सेकंद लवकर आला, तर ते दोन सेकंद इंजिनात नाहीत, हे तिथं लख्ख कळतं. शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

मग पैसे कुठं घालायचे? आधी अंगावर. फुल फेस हेल्मेट, आणि तेही दोन कड्यांतून पट्टा ओवून आवळायचं, म्हणजे डबल डी-रिंगचं. खटकन लागणारं बकल ट्रॅकवर घेत नाहीत. अखंड लेदर सूट, किंवा कमरेला पूर्ण चेन असलेला दोन तुकड्यांचा. पाठीचं प्रोटेक्टर, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट. सूट सेकंडहँड चालेल, पण शिवण आणि कोपर-गुडघ्याची पॅडं हातानं चाचपून घे. हेल्मेट मात्र कुणाचं वापरलेलं घेऊ नकोस. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसतं, पण आतला थर दबलेला असतो.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. एफएमएससीआय ही मोटरस्पोर्टची देशातली संघटना. तिचं लायसन्स लागतं, त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र. ते झालं की ट्रॅक.

ट्रॅकच्या बाबतीत आपण सोलापूरकर नशीबवान आहोत, खरंच सांगतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला देशातला जुना जाणता ट्रॅक आहे, ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी आपल्या स्टेशनवरूनच जाते, वाडी-रायचूर-गुंतकल करत. तू पुण्याहून गाडीत बस, मी इथं चढतो. आईला सांगून कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून घेईन, वाटेत खायची काळजी नको. कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा. छोटा ट्रॅक, पण वळणं लवकर लवकर येत असल्यानं हात चांगला बसतो. आधी रेस नको, ट्रेनिंग स्कूल कर. पहिल्यांदा त्यांचीच गाडी भाड्यानं घे.

तिथं जे शिकवतात त्यानं आपली रस्त्यावरची सगळी सवय मोडते. सुरुवात डोळ्यांपासून. चाकापुढचा रस्ता बघायचा नाही, वळणाच्या आतल्या कडेला गाडी जिथं भिडवायची तो बिंदू बघायचा, आणि तिथं पोचायच्या आधीच नजर बाहेर पडायच्या जागेवर न्यायची. गाडी नजरेमागं जाते. वेगात उजवीकडं झुकायचं असेल तर उजवं हँडल पुढं ढकलायचं. हे आपण वर्षानुवर्षं न कळत करत आलोय. ठरवून करायला लागलास की गाडी किती चटकन झुकते ते बघ. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. आधी हलका दाब, मग वजन पुढच्या चाकावर आलं की वाढवायचा, आणि गाडी झुकवत नेताना बोटं हळूहळू सैल सोडायची. टायरची पकड तेवढीच असते, ती ब्रेक आणि झुकाव या दोघांत वाटून द्यावी लागते. अंग आतल्या बाजूला काढायचं तेही फोटोसाठी नाही. तू आत गेलास की तेवढ्याच वेगाला गाडी कमी झुकवावी लागते. आणि वळणातून निघताना थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची मूठ, मायेनं उघड. मागचं चाक घसरलं आणि घाबरून थ्रॉटल एकदम मिटलास, तर टायर अचानक पकड धरतो आणि गाडी माणसाला वर फेकते. साधं घसरून पडणं त्यामानानं बरं. पडलास तर हँडल सोडून दे, गाडीला धरून राहू नकोस.

झेंडे तोंडपाठ कर. पिवळा दिसला की ओव्हरटेक नाही. लाल दिसला की वेग कमी करून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथं. निळा म्हणजे मागून वेगवान स्वार येतोय. पिवळ्यावर लाल पट्टे असतील तर पुढं ट्रॅक निसरडा आहे.

शरीराचं मी कळकळीनं सांगतो. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाला मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची जागतिक रेस, झाली, तेव्हा उकाड्यामुळं २४ ऐवजी २१ फेऱ्यांचीच रेस ठेवली. तरी दुसरा आलेला होर्हे मार्टिन रेस संपल्यावर अंगातलं पाणी कमी होऊन कोसळला. जगातले सगळ्यात तयार स्वार ते! मांड्या आणि पोट भक्कम नसेल तर सगळा भार मनगटांवर येतो, मग ब्रेकवरचं बोट बधिर होतं. मी पहाटे कंबर तलावाला पळतो, ऊन चढायच्या आत. तूही आजपासून सुरू कर. इथं आलास की अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका ओळखीच्या टॉवेल कारखान्याचं आवार रविवारी मोकळं असतं, मालकाला विचारून ठेवतो. विटा मांडून आठच्या आकड्यात गाडी फिरवू, हळू वेगात ब्रेकचा सराव करू.

आणि एक. तुळजापूर रोडवर, घाटात घड्याळ लावून गाड्या पळवायला जाणाऱ्या त्या पोरांबरोबर तू जाऊ नकोस. मला वचन दे. कोजागरीला त्याच रस्त्यानं माणसं आईच्या दर्शनाला पायी निघतात. ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागं दिवा नाही. तिथं पिवळा झेंडा दाखवणारा कुणी नाही, अँब्युलन्स उभी नाही, आणि समोरून येणाऱ्यानं रेसचा अर्ज भरलेला नाही. ज्याला खरंच पळायचंय त्यानं पैसे साठवून ट्रॅकवर जावं, हे माझं ठाम मत आहे.

गाडी नंतर घेऊच. तेव्हा ट्रॅकसाठी आरसे, इंडिकेटर, स्टँड काढणं, कूलंटच्या जागी साधं पाणी भरणं, ऑइलच्या बोल्टला तार बांधणं, हे सगळं मी स्वतः करून देईन. मला त्यातच खरी मजा वाटते.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येशीलच. येताना छाती, कंबर, मांडी आणि हाताची लांबी टेपनं मोजून आण. सूटवाल्याला मापं कळवायची आहेत. काकूंना नमस्कार सांग, आणि त्यांना हे सगळं तूच सांग, माझ्यावर ढकलू नकोस.

तुझा,
विन्या