मंगळवारी सिस्टर येतील, त्यांना परत पाठवू नका

पुणे, रविवार

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

लकव्यानंतर बाबांना घरी येऊन तपासण्याचा विषय फोनवर काढला की बाबा फोन आईच्या हातात देतात, आणि आई, तू "जेवली का?" विचारून बोलणंच बदलतेस. म्हणून लिहिते आहे. बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नको.

तुम्हाला न विचारता मी बाबांचं नाव आरोग्य उपकेंद्रात देऊन ठेवलं आहे. ज्यांना दवाखान्यात येणं जमत नाही, त्यांच्या घरी जाऊन तपासतात, त्या यादीत. तिथल्या आरोग्य अधिकारी, सीएचओ मॅडमशी बोलणं झालं, आशाताईंशीही झालं. येत्या मंगळवारी सिस्टर आणि आशाताई येतील. बीपी, शुगर पाहतील, पाठ-कंबर तपासतील. माझ्यावर रागवा, पण त्यांना ओसरीवरून परत पाठवू नका.

बाबा, तुम्ही दिवाळीत म्हणालात, "सरकारचं फुकटचं मले कायले पाहिजे? मी का निराधार आहो?" तेव्हा मी गप्प बसले. आता सांगते. म्हाताऱ्या माणसांच्या आरोग्याचा हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे, आणि अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जाऊन त्याला पाहणं हे त्यातलं ठरलेलं काम आहे. कोणी उपकार करायला येत नाही. दवाखान्यातून सुट्टी देताना आपल्या हातात कागद दिला, त्यावर "घरी काळजी घ्या" एवढंच होतं. ती घ्यायची कशी, हे सांगायला कोणीतरी दारात यायलाच पाहिजे ना!

आई, तुझं म्हणणं, आशा काय डॉक्टर आहे? अगं, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं, त्या घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांना पाहू लागल्या आणि बाळं दगावणं निम्म्याहून कमी झालं. १९९९ साली ते जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे देशभरातल्या आशा तेच काम करू लागल्या. माझ्या बाळंतपणात आपल्या आशाताई सहा वेळा घरी आल्या होत्या, आठवतं? ओसरीच्या आढ्याला वजनकाटा अडकवून झोळीत बाळाला ठेवलं, आणि बाबा चष्मा पुसून पुसून तो आकडा पाहत होते. व्यापाऱ्याकडे कापूस मोजताना पाहायचे ना, अगदी तसेच. नातू ज्यांच्या हातात दिला, त्यांच्या हातात बाबांचा हात द्यायला काय हरकत आहे?

तुम्हाला इथं का आणत नाही, हे तुम्ही कधीच विचारलं नाही. त्याचंच जास्त लागतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोघंही सकाळी आठला बाहेर पडतो. घराचा हप्ता आहे, नोकरी सोडता येत नाही. माझी उरलेली सगळी रजा बाबांना लकवा झाला तेव्हाच संपली. आणि बाबा, मागच्या खेपेला तुम्ही चौथ्याच दिवशी पिशवी भरून दाराशी बसला होतात. "अठी कोणी रामराम बी नाही करत." तिथं बाज ओसरीवर टाकली की निंबाची सावली आहे, येणारा-जाणारा थांबतो, तूर कशी आहे ते सांगतो. ते मी इथं कुठून आणू? हे सगळं खरं आहे. तरी लिहिताना वाटतं की मी कारणंच सांगते आहे.

एक नीट समजून घ्या. बाबांचं सत्तर वर्षांवरच्यांचं वय वंदना कार्ड आहे, ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं. ते भरती व्हायची वेळ आली तरच चालतं. रोज उठवायला-बसवायला त्यातून माणूस मिळत नाही. म्हणून शेजारच्या काकूंच्या सुनेला सकाळ-संध्याकाळ यायला सांगितलं आहे. पैसे मी तिच्या खात्यात टाकीन. तिच्याशी भाव करू नको, आई. आणि तुझे सरकारच्या वयोश्री योजनेचे ३,००० रुपये बँकेत तसेच पडून आहेत, त्यातून कमोडची खुर्ची आण. ते पैसे त्याचसाठी आहेत, माझ्या पोराच्या वाढदिवसासाठी नाहीत.

मला टायफॉईड झाला होता, तेव्हा बाबांनी बंडीत कडबा अंथरला, वर तुझी गोधडी, आणि रात्रीच निघाले. बैल दमले तर स्वतः खाली उतरून चालायचे. मी मधेच डोळे उघडले की तू म्हणायचीस, "आलंच बेबी, आलंच." दवाखाना अजून खूप लांब होता, हे मला मोठी झाल्यावर कळलं.

आता ऐका. दर दोन तासांनी बाबांची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. कंबर आणि टाचा रोज पाहायच्या, लाल दिसल्या तर त्याच दिवशी आशाताईंना सांगायचं. डावा हात धरून ओढून उठवायचं नाही, खांदा निसटतो. हाताखाली उशी ठेवायची. जेवताना बसवूनच भरवायचं, भाकरी वरणात चांगली कुस्करून. बीपीची गोळी "आज बरं वाटते" म्हणून बंद करायची नाही, बाबा, मागे तेच झालं होतं. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर कोणाची वाट न पाहता १०८ लावायचा. आणि आई, सिस्टर आल्या की तुझेही गुडघे दाखव, शुगर तपासून घे. चहा ठेवायला आत जाऊन लपू नको.

मी पोळ्याला येते. रजेचा अर्ज दिला आहे.

बाबा, तुमची कापसाच्या हिशोबाची वही कोनाड्यात आहे. मागची पानं कोरी आहेत. सिस्टर बीपीचा जो आकडा सांगतील, तो आधी मशीनवर स्वतः पाहा आणि उजव्या हातानं तारीख घालून लिहा. काकूंच्या नातवाला त्याचा फोटो पाठवायला सांगा. मंगळवारी संध्याकाळी मी वाट पाहीन.

तुमची,
बेबी