कॉलेजच्या पोरांना वेळेत सांगा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

राजारामपुरीत माझं मेडिकल आहे, आसपास क्लासेस, हॉस्टेलं, त्यामुळं कॉलेजची पोरंपोरी दिवसभर येत असतात. लैंगिक शिक्षण दिलं की पोरं बिघडतात असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या काउंटरला येऊन उभं राहावं. ज्यांना कुणी काहीच सांगितलेलं नसतं ती पोरं गर्दी कमी होईपर्यंत उगंच खोकल्याच्या गोळ्या मागत थांबतात आणि मग हळूच मोबाइलवर पाकिटाचा फोटो दाखवतात. ती गर्भ राहू नये म्हणून संबंधांनंतर 72 तासांच्या आत घ्यायची इमर्जन्सी गोळी, पण काहीजण दर महिन्याला नेतात, पाळी मागंपुढं झाली की घाबरून परत येतात, आणि तिनं गुप्तरोग किंवा एचआयव्ही टळत नाही हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. त्याहून वाईट म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गर्भपाताचं किट मागतात, जिवावर बेतू शकतं हो! गर्भनिरोधक फेल गेलं तर 20 आठवड्यांपर्यंत अविवाहित मुलीलाही डॉक्टरांकडं कायदेशीर गर्भपात करून घेता येतो, 2021 पासून तसा स्पष्ट कायदा आहे, नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. हे त्या मुलीला कोण सांगणार?

मागं जवळच्या एका कॉलेजात लेडी डॉक्टरांचं सेशन झालं, मुलंमुली एकत्र, नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न. त्यानंतर तिथली पोरं आधी विचारायला यायला लागली, कंडोमची एक्स्पायरी कुठं बघायची, एचआयव्हीची टेस्ट कुठं होते (सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात फुकट होते, नाव बाहेर जात नाही). एक मुलगा तर म्हणाला, टेस्ट झाल्याशिवाय काही नाही असं आमचं ठरलंय. युनेस्कोनंही 2018 च्या मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांवरून हेच सांगितलंय, असं शिक्षण मिळालेली पोरं लवकर संबंधांकडं वळत नाहीत, उलट कंडोमचा वापर वाढतो. आपल्या राज्यानं मात्र 2007 ला शाळेतलं हे शिक्षण बंद केलं होतं, म्हणजे कॉलेजला येईपर्यंत पोरांचा मास्तर मोबाइलच.

1 डिसेंबरला एड्स दिनाच्या रॅली आणि पोस्टर स्पर्धा होतात, चांगलंच आहे, पण फर्स्ट इयरला जुलै-ऑगस्टमध्येच असं सेशन ठेवा आणि मुलांना बाहेर काढून फक्त मुलींना बसवू नका, कारण गोळी न्यायला बहुतेक वेळा मुलगाच येतो. डॉक्टरांना वेळ नसेल तर आम्हा केमिस्ट लोकांना बोलवा, मी दुकान बंद ठेवून येतो.

– एक औषध विक्रेता, राजारामपुरी, कोल्हापूर