देवघराचे काम कोणाचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत एका ज्येष्ठ वाचकांनी अशी खंत व्यक्त केली होती की, सुट्टी लागली की हल्लीची कुटुंबे देवदर्शनाऐवजी समुद्रकिनारा गाठतात आणि त्यामुळे घराघरांतली भक्ती आटत चालली आहे. या बदलाचा दोष त्यांनी घरातल्या स्त्रियांच्या, त्यातही नोकरी करणाऱ्या सुनांच्या माथी मारला होता. मी अशीच एक सून आहे. गंगाखेडला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते आणि दोन मुलांची आई आहे. ते पत्र छापून आले त्याच आठवड्यात आम्ही अंदमानहून परतलो होतो, आणि कार्तिकी एकादशी आम्ही तिकडेच केली होती. त्यामुळे ते पत्र मला उद्देशूनच लिहिले आहे असे समजून हे उत्तर पाठवीत आहे. उत्तराला महिना लागला, कारण चंपाषष्ठी पार पडेपर्यंत थांबावे असे मला वाटले. त्याचे कारण पुढे येईल.

आमच्या घरी कार्तिकीची वारी सासूबाईंची. वीस-बावीस वर्षे त्यांनी ती चुकवली नाही. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी हात टेकले आणि तेव्हापासून त्या एकादशीला घरीच असतात. यंदा भाऊबीज आटोपून, माझ्या दोन वर्षांच्या भिशीच्या पैशांतून, सगळ्यांनी मिळून अंदमानला जायचे ठरले, तेव्हा एकादशी मध्येच येते हे प्रथम माझ्या लक्षात आले आणि ते सासूबाईंना सांगण्याचे धाडस मला तीन दिवस झाले नाही. शेवटी सांगितले, तर त्या म्हणाल्या, "इठोबा काय निस्ता पंढरपुरातच ऱ्हातो का?" शेजारच्या काकूंना मात्र हे पटले नाही. गल्लीत दोन-तीन दिवस आमचीच चर्चा होती.

खरा प्रश्न वेगळाच होता. घराला कुलूप लागल्यावर देवघराचे काय? आमच्या रीतीप्रमाणे खंडोबा-भवानीचे टाक तांदळाच्या डब्यात ठेवले आणि बाळकृष्ण मात्र सासूबाईंनी बरोबर घेतला. स्टीलच्या छोट्या डब्यात कापूस, त्यावर बाळकृष्ण, शेजारी निरांजन, फुलवाती आणि गंधाची गोळी. परभणीहून रेल्वेने सिकंदराबाद आणि तिथून पुढे चेन्नईमार्गे विमान, असा आमचा प्रवास होता. विमानतळावर तो डबा तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवावा लागला, आणि ट्रे त्या काळ्या पडद्याआड सरकत असताना सासूबाई, गाभाऱ्याचे दार बंद होताना हात जोडावेत, तशा हात जोडून उभ्या होत्या. बाळकृष्ण सुखरूप बाहेर आला. अडकल्या त्या ओटीसाठी घेतलेल्या खोबऱ्याच्या वाट्या. सुक्या खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून विमानात चालत नाही, असे तिथल्या अधिकाऱ्याने नीट समजावून सांगितले. सासूबाईंनी त्या वाट्या तिथल्या झाडणाऱ्या बायकांना देऊन टाकल्या. ओटी तर ओटी, कोणाची का भरेना!

चेन्नईहून दोन-सव्वादोन तासांत विमान पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला पोहोचते. तिथून बोटीने स्वराज द्वीप, ज्याला २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणत असत. या बोटीत मला समुद्र लागला आणि असा लागला की मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर मी जी आडवी झाले ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठले नाही. सासूबाईंना खाली बसता येत नाही. तेव्हा सकाळची पूजा यजमानांना करावी लागली, आणि लग्नाला सतरा वर्षे झाली तरी हे दृश्य मी प्रथमच पाहत होते.

खोलीत आरशाखालच्या फळीवर त्यांनी बाळकृष्ण मांडला. आरशामुळे बाळकृष्ण दोन दिसत होते, आणि त्यांतल्या कोणाला आधी आंघोळ घालायची, असे त्यांनी मुलाला विचारले. ताम्हन म्हणून चहाची बशी घेतली. निरांजनात आधी तूप की आधी वात, गंध कोणत्या बोटाने लावायचे, देव पुसायचे वस्त्र कुठे असते, हे एकेक प्रश्न मला पलंगावर येऊन विचारले गेले. खोलीत दिवा लावायला मनाई होती म्हणून निरांजन बाहेरच्या पायरीवर ठेवले, तर वारा ते तीनदा विझवून गेला. चौथ्या वेळी हाताचा आडोसा करून ते जमिनीवर मांडी घालून बसले. "देवाला घाई नसती," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. पूजेला पंचेचाळीस मिनिटे लागली. हीच पूजा मी शाळेची बस गाठण्यापूर्वी, गॅसवर दूध ठेवून, बारा मिनिटांत उरकते, आणि ती किती मिनिटांत होते हे घरातल्या कोणालाही माहीत नव्हते.

एकादशी दुप्पट खाशी, असे आपल्याकडे गमतीने म्हणतात, पण ते दुप्पट रांधते कोण, याचा उल्लेख त्या म्हणीत नाही. उपवास करणाऱ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, आणि उपवास नसलेल्यांसाठी रोजचा स्वयंपाक. तो करणारीचाही उपवासच असतो. त्या बेटावरच्या एकादशीला सासूबाई आणि मी केळी खाल्ली, शहाळ्याचे पाणी प्यालो, आणि मी सबंध दिवसात एकदाही चुलीपुढे उभी राहिले नाही. अशी एकादशी मला लग्नानंतर प्रथमच मिळाली. त्या दिवशी मी पूर्ण हरिपाठ म्हटला, मध्ये कुकरच्या शिट्ट्या न मोजता.

तो हरिपाठ राधानगरच्या किनाऱ्यावर झाला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित झालेल्या कुटुंबांना या बेटावर वसवण्यात आले, आणि त्यांच्या गावांची नावे गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर, राधानगर अशी आहेत. ही नावे रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकल्यावर सासूबाई जागच्या जागी सावरून बसल्या. घरदार मागे टाकून आलेल्या माणसांनी देवांची नावे तेवढी बरोबर आणली, याचे त्यांना फार अप्रूप वाटले. मग त्या नातवाचा हात धरून गुडघाभर पाण्यात गेल्या आणि डोक्यावर पाणी घेत म्हणाल्या, "आपली गंगाच की ही." आम्ही गंगाखेडचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतो. मुलीने लगेच मोबाईलवर नकाशा काढला आणि आजीला दाखवले की गोदावरी नांदेडवरून तेलंगणात, मग राजमहेंद्रीवरून पुढे बंगालच्या उपसागराला मिळते, आणि आपण उभ्या आहोत तो अंदमानचा समुद्र. मध्ये बेटांची लांब रांग आहे. आजी म्हणाल्या, "पाण्याला कुठं म्हाईत हाय रांग?"

मुलीचा नकाशा बरोबर होता, पण मला सासूबाईंचे बोलणे जास्त खरे वाटले. १४६५ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचे आमच्या वाट्याला येणारे रूप उन्हाळ्यात डबक्यांचे असते, पावसाळ्यात वर नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाचे, दरवाजे उघडले की धडकी भरवणारे असते, आणि वर्षभर लोक अस्थी घेऊन आमच्या घाटावर येतात ते वेगळेच. तिचा शेवट कुठेतरी असा निळा, स्वच्छ आणि अथांग असेल, हे आम्ही पुस्तकात वाचतो, पण घाटावर उभे राहून ते मनात येत नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले, ते माझ्या मुलांना आम्ही सांगितलेली गोष्ट म्हणूनच ठाऊक आहे. पण टँकरची वाट पाहणे त्यांनाही ठाऊक आहे. एवढे पाणी पाहून मुलगा पहिल्या दिवशी नळ सोडून दात घासू लागला. न्हाणीघराच्या दारावर पाणी जपून वापरण्याची पाटी होती, ती त्याला दाखवली. चारही बाजूंनी समुद्र असलेल्या त्या बेटांनाही गोडे पाणी पावसाचेच साठवावे लागते.

सेल्युलर जेल पाहताना मी फार वेळ थांबू शकले नाही. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या त्या तुरुंगाच्या सात बाजूंपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी पाहण्यासाठी रांग होती. सासूबाई मात्र रमल्या त्या कोलूपाशी. खोबऱ्याचे तेल काढण्यासाठी कैद्यांना तिथे बैलासारखे जुंपत, आणि ठरवून दिलेले तेल निघेपर्यंत सुटका नसे. "हातानं जातं वढलेल्यालाच कळतं," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः लग्नानंतर दहा वर्षे जात्यावर दळले आहे.

जात्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनीबरोबर विठ्ठल दळायला बसला, तिच्या गोवऱ्या वेचायला गेला, ही कथा आमच्याकडे दर सप्ताहात कीर्तनकार रंगवून सांगतात, आणि पुढे बसलेले पुरुष माना डोलावतात, डोळे पुसतात. मग घरी येतात आणि चहा मागतात. देवाने जात्याचा खुंटा धरला, यात त्यांना चमत्कार दिसतो. स्वतः कधी खुंटा धरावा, असे त्यात काही दिसत नाही.

ज्येष्ठ वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे की, भक्ती आटत चालली असे त्यांना वाटत असेल, तर ती कशावर चालत होती ते त्यांनी आधी पाहावे. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या, श्रावणातले सोमवार, नवरात्रातले नऊ दिवसांचे अखंड तेल, वेळ अमावस्येची भज्जी आणि आंबील, हे सगळे कुळाचार पुरुषांच्या नावाने चालतात आणि बायकांच्या हाताने होतात. मला ते जड वाटत नाहीत, असेही नाही, आणि ते सोडून द्यावेत, असेही मला वाटत नाही. देवापुढे बसल्यावर दिवसातली जी पाच मिनिटे माझी असतात ती मला सोडायची नाहीत. परंतु घरात चार जाणती माणसे असताना एकाच बाईने हे सगळे सांभाळावे, आणि ती एकदा समुद्र पाहायला गेली तर धर्म बुडाला म्हणावे, हा हिशेब मला मान्य नाही. तीर्थयात्रेलाही हेच लागू आहे. तुळजापूरला, माहूरला, औंढ्याला आम्ही अनेकदा गेलो. प्रत्येक वेळी भक्तनिवासात स्टोव्ह पेटवणारी मीच होते. यंदा पहिल्यांदा मला दर्शन झाले आणि ते बोट लागून आडवी पडले असताना झाले, हा योगायोग मी देवाच्याच पदरात टाकते.

परतल्यावर सगळे बदलले असे लिहिले तर ते खोटे होईल. यजमानांनी पंधरा दिवस पूजा केली. मग दुकानाची घाई सुरू झाली आणि ती माझ्याकडे आली. रविवार आणि एकादशी मात्र त्यांच्याकडे राहिली आहे. संध्याकाळच्या दिव्यासाठी मुलगा आणि मुलगी यांनी आपसांत पाळी लावून घेतली आहे आणि त्यावरून रोज भांडतात. तिकडे सूर्य पाचच्या सुमारास मावळत असे, घड्याळ आपलेच पण दिवेलागण तासभर आधी; त्यामुळे मुलगा अजूनही कधी कधी उजेड असतानाच दिवा लावून मोकळा होतो.

चंपाषष्ठीला आमच्याकडे खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. चातुर्मासात न खाल्लेले वांगे त्या दिवशी प्रथम पानात येते. यंदा मला शाळेत तपासणीमुळे थांबावे लागले. घरी आले तर यजमान अंगणात शेगडीपुढे बसून वांगी भाजत होते, उजव्या हाताच्या दोन बोटांना तूप लावलेले होते आणि सासूबाई खुर्चीतून सूचना देत होत्या. नैवेद्य दाखवून झाला, आम्ही जेवायला बसलो. भरितात जागोजागी काळी साल होती. ती प्रत्येकाने गुपचूप ताटाच्या कडेला काढून ठेवली.

नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)