दंड भरा, मग मत द्या

संपादक महोदय,

अमेरिकेत निवडणूक आली की फ्लोरिडात कोण जिंकणार याच्या बातम्या आपल्याकडेही येतात. तिथे मतदार यादीबाहेर कोण राहिले, हे मात्र कोणी विचारत नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली की मताचा हक्क कायमचा गेला, ही तरतूद तिथल्या १८६८ च्या राज्यघटनेतली. गुलामगिरी नुकतीच संपली होती आणि कृष्णवर्णीय पुरुष मतदानाला येऊ घातले होते, तेव्हाची. २०१६ मध्येही त्या राज्यातल्या पाच प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी एकाला मत नव्हते.

२०१८ मध्ये मतदारांनीच सुमारे ६५ टक्के कौल देऊन ती मोडीत काढली. खून आणि लैंगिक गुन्हे वगळून, शिक्षा भोगलेल्या सुमारे १४ लाख लोकांना मत मिळणार होते. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने पाचर मारली: कोर्टाचा दंड, फी, भरपाई चुकती केल्याशिवाय शिक्षा पुरी धरणार नाही. बरे, बाकी किती ते तरी सांगा! तर त्याची एकत्रित नोंदच राज्याकडे नाही. न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांनी ही पैसे मोजून मत देण्याची पद्धत ठरवली. वरच्या कोर्टाने २०२० मध्येच तो निकाल फिरवला. २०२२ मध्ये बेकायदा मतदानाबद्दल वीस जणांवर अटकेची कारवाई झाली, त्यांत बहुतांश कृष्णवर्णीय. ते वगळलेल्या गुन्ह्यांतले होते हे खरे, पण त्यांतल्या अनेकांना मतदार कार्ड सरकारी कचेरीतूनच आले होते.

आपण नाके मुरडू नयेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) नुसार तुरुंगातल्याला मत नाही, मग तो कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेला, का असेना. देशातल्या कैद्यांत कच्चे कैदी सुमारे तीन चतुर्थांश. दलित, आदिवासी, मुस्लिम त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त. दोषी ठरून जामिनावर सुटलेला रांगेत उभा राहून मत देतो. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळालेला गरीब आतच बसतो. काश्मीरचे नेते इंजिनिअर रशीद कच्चे कैदी असताना २०२४ मध्ये तिहारमधून बारामुल्लाची लोकसभा जिंकले; त्यांना उमेदवारी चालली, मत नाही.

कैद्यांना मतदान करू द्यायचे तर पोलीसबळ अपुरे पडेल, हेही या बंदीचे एक कारण सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मान्य केले होते. पण प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्यांना टपाली मतपत्रिका तुरुंगात मिळतेच. तीच निदान कच्च्या कैद्यांना द्यावी, अशी मागणी राज्यातल्या खासदारांनी संसदेत करावी.

– एक वाचक, सोलापूर