आग्वादचा खालचा भागही पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुटीत गोव्यात येणारी बहुतेक मंडळी आग्वाद किल्ल्याचा वरचा भाग तेवढा पाहतात. दीपस्तंभापाशी फोटो काढायचा, खंदकात डोकवायचे, ‘हा किल्ला कुणाला जिंकता आला नाही’ हे ठरलेले वाक्य ऐकायचे आणि गाडीत बसायचे. त्या वाक्यात किल्ल्याची निम्मीसुद्धा गोष्ट येत नाही, म्हणून हे पत्र.

डचांच्या धाकाने पोर्तुगिजांनी मांडवीच्या मुखावर हा किल्ला बांधला. १६१२ मध्ये तो पुरा झाला. तोफा ७९ होत्या असे सांगतात, पण नाव पडले ते पाण्यावरून. आग्वाद म्हणजे पाणी भरून घ्यायची जागा. महिनोन्महिने समुद्रात काढून आलेली लिस्बनची जहाजे इथल्या झऱ्याचे गोडे पाणी भरून घेत. वरच्या चौकाखालचे टाके २३ लाख ७६ हजार गॅलनांचे! तोफांपेक्षा मला त्या टाक्याचेच कौतुक अधिक.

पुढे डचांची भीती सरली आणि १८६४ मध्ये इथे दीपस्तंभ उभा राहिला. ज्या डोंगरावरून परक्या जहाजांवर तोफा रोखलेल्या होत्या, तिथूनच जहाजांना वाट दाखवली जाऊ लागली.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत खाली, पाण्यालगत, तुरुंग होता. गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांना जुलै १९४६ मध्ये पकडले, ते इथल्याच कोठडीत ठेवले. जूनमधल्या सत्याग्रहानंतर सप्टेंबरात पुन्हा गोव्यात शिरलेल्या डॉ. राममनोहर लोहियांनाही इथेच डांबले. कुन्हांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि थेट पोर्तुगालातील पेनिशला धाडले. तोही समुद्रकाठचा किल्लाच, आणि तोही तोवर तुरुंग झालेला. स्वातंत्र्यसैनिक पुरुषोत्तम काकोडकरही तिथेच होते. आज पेनिशमध्ये त्या हुकूमशाहीविरुद्धच्या लढ्याचे संग्रहालय आहे.

मुक्तीनंतरही आग्वादचा तुरुंग चालूच राहिला. २०१५ मध्ये कैदी कोलवाळच्या तुरुंगात हलवले आणि डिसेंबर २०२१ मध्ये आग्वादच्या त्या रिकाम्या तुरुंगात संग्रहालय उघडले. वरून ते दिसत नाही, त्यामुळे वरूनच परतणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

आपल्या पर्यटन पुरवणीत आग्वादचा फोटो नेहमी दीपस्तंभाचा असतो. पुढच्या खेपेला कोठड्यांचा छापावा, आणि सोबत पेनिशला पाठवलेल्या गोमंतकीयांची नावे द्यावीत, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक