आधी अर्थिंग बघ, मग यादी

शिवाजी पार्क, मुंबई
रविवार, संध्याकाळ

प्रिय बंड्या,

तुझी यादी परवाच मिळाली. फोनवर हे सगळं नीट सांगता येणार नाही, म्हणून आज हात धुऊन लिहायलाच बसलोय. नखांतलं ग्रीस अजून गेलेलं नाही.

मामांची एमजी मिजेट, ती छोटी स्पोर्ट्स कार, तुझ्याकडे आली याचा मला किती आनंद झाला, हे तुला वेगळं सांगायला नको. अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी भंगारात न घालता तू पुण्याच्या घरी आणलीस, यातच अर्धं काम झालं. आता तुझ्या यादीबद्दल. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो काढून अल्टरनेटर, इलेक्ट्रिक पंखा, पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन्ही मूळचे एसयू कार्बोरेटर काढून एक वेबर कंपनीचा, आणि शेवटी पाच गिअरचा गिअरबॉक्स. प्रत्येकापुढे किंमत, कुरिअर, कस्टम ड्यूटी. माझं एकच मागणं आहे: यातलं काहीही अजून मागवू नकोस. का ते सांगतो.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाबांची एमजीबी, तुझ्या मिजेटची थोरली बहीण, सकाळी गार असताना कशीबशी सुरू व्हायची, आणि गरम झाल्यावर स्टार्टर नुसता कण्हायचा. घर्रर्र... घर्र... आणि गप्प. बॅटऱ्या नव्या होत्या. आमच्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, तळातल्या खोबणीत असतात, तुला आठवत असेल. लहानपणी आपण तिथेच चिंचा लपवायचो. मी ठरवून टाकलं की स्टार्टर संपला. साठ वर्षांचा तुकडा, संपणारच. हल्ली गिअर रिडक्शनचे हलके स्टार्टर मिळतात, वजनाला निम्मे, ताकदीला जास्त. पैसे भरायला बसलो होतो.

त्या दिवशी चाचा आले होते. चाचा म्हणजे माहीमचे आपले जुने मेस्त्री. आयुष्य सरकारी अँबॅसेडर आणि काळ्या-पिवळ्या पद्मिनी दुरुस्त करण्यात गेलं. एमजीबीचं इंजिन आणि अँबॅसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ही एकाच घरची भावंडं, दोन्ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी सिरीजची. आपलं १७९८ सीसी एवढाच फरक. त्यामुळे चाचांना ही गाडी कधीच परकी वाटली नाही. ते म्हणाले, "तू किल्ली फिरव." मी फिरवली. त्यांनी बॉनेटखाली वाकून चोकच्या तारेला बोट लावलं, आणि झटकन मागे घेतलं. मग माझा हात धरून तिथे टेकवला. तार चटका बसेल इतकी तापली होती.

बंड्या, चोकची तार तापायचं काही कारणच नाही. ती नुसती ओढायची तार. पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअरचा करंट परत जायला एकच राजमार्ग असतो: इंजिनपासून बॉडीला जोडलेली वेणीसारखी तांब्याची अर्थिंग पट्टी. तीच सडली की करंट मिळेल त्या वाटेने पळतो. चोकची तार, ॲक्सिलरेटरची तार, जे धातूचं सापडेल ते. मी मीटर आणला. एक टोक इंजिनच्या ब्लॉकला, दुसरं बॉडीला, आणि चाचांनी किल्ली फिरवली. अर्धा व्होल्टही दिसायला नको, तिथे तीनच्या वर दिसले. बाराच्या बॅटरीतले तीन व्होल्ट वाटेतच मरत होते.

गाडी घोडीवर घेऊन मी खाली सरपटलो. पट्टी होती जागेवर. दिसायला शाबूतही. पण बॉडीच्या बाजूचा बोल्ट सोडला तर खाली हिरवट-पांढरा थर, आणि वेणीचे निम्मे तंतू बोटाने चोळताच भुगा होऊन पडले. समुद्र इथून चालत पाच मिनिटांवर. हा वारा पोलादाला खातो आणि तांब्यालाही. बोल्टखालचा पत्रा एमरी पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, लोहार चाळीतून जाड नवी पट्टी आणली, बसवून वरून ग्रीसचा हात दिला. बॅटऱ्यांच्या मधली जोडतारही तशीच साफ केली. किल्ली फिरवली आणि जुना स्टार्टर असा फिरला, की आई वरून गॅलरीत आली. तिला वाटलं, कोणी नवी गाडी घेऊन आलं.

म्हणून सांगतो, जुन्या गाडीत आपण ज्याला "जुनं डिझाइन, बदलायला हवं" म्हणतो, ते बहुतेक वेळा चांगलं डिझाइन असतं, नुसतं झिजलेलं. झिजलेल्यावर नवं चढवलं की खरा दोष झाकला जातो, आणि पुढे दोन दोषांची गाठ सोडवावी लागते.

तुझा वेबरचा हट्ट मी समजू शकतो. दोन कार्बोरेटर एका सुरात आणणं कठीण, असं तुला तिथे सगळे सांगत असतील. पण एसयूइतकं साधं आणि देखणं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. इंजिन जितकी हवा ओढेल तितका आतला पिस्टन वर उचलला जातो, आणि त्याच्याबरोबर निमुळती सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, वर येऊन तितकंच पेट्रोल सोडते. हलणारे भाग मोजायला एका हाताची बोटं पुरतात. तुझ्या मिजेटवर सव्वा इंचाचे एचएस२ असतील, माझ्यावर दीड इंचाचे एचएस४, रीत तीच. आधी वरची टोपी उघडून डॅशपॉटमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वरच्या नळकांड्यात, तेल आहे का बघ. अकरा वर्षांत नक्की संपलंय. तेल नसेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते आणि माणूस म्हणतो कार्बोरेटर गेला. मग पिस्टन बोटाने उचलून सोड. खाली पडताना स्वच्छ "टक्" आवाज यायला हवा. नाही आला तर तो कुठेतरी घासतोय किंवा जेट मध्यावर नाही.

खरा रोग मात्र थ्रॉटलच्या स्पिंडलमध्ये, म्हणजे हवेची झडप फिरवणाऱ्या दांड्यात, असतो. इंजिन संथ चालू असताना स्पिंडलच्या टोकाशी कार्बोरेटर क्लीनरचा बारीक फवारा मार. इंजिनचा सूर बदलला, तर तिथून फुकटची हवा आत जातेय. माझ्या मागच्या कार्बोरेटरचा स्पिंडल हातानेही डुलायचा. लेथवाल्याकडून बॉडीत पितळी बुश बसवून घेतले, नवे स्पिंडल टाकले, आणि जे दोन कार्बोरेटर वर्षानुवर्षं भांडत होते ते पहिल्याच दिवशी जुळले. जुळवायला महागडं यंत्र लागत नाही. फूटभर रबरी नळी घे, एक टोक कानाशी, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी. दोन्हीकडचा फुसफुस आवाज सारखा झाला की झालं. चाचा नळीसुद्धा वापरत नाहीत, डोळे मिटून नुसते उभे राहतात. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरांत टॅक्सीचे फोटो आले. तिच्यामागे अशा कानांची एक अख्खी पिढी बिनकामाची झाली, याचं मला अजून वाईट वाटतं. तुझ्या पेठेत असा कोणी म्हातारा मेस्त्री असेल तर आधी त्याला शोध, चहाला बोलव. वेबर काय, कधीही मिळेल.

मिक्श्चरचं, म्हणजे पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचं, एक सांगतो, कारण मामांच्या काळात हा प्रश्न नव्हता. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे जुन्या सेटिंगवर इंजिन उपाशी चालतं आणि गरम होतं. जेटखालचा षट्कोनी नट एखाद-दुसरी बाजू खाली फिरवून पेट्रोल थोडं वाढवावं लागतं. मग पिस्टन अगदी किंचित, नखभर उचलून बघ: सूर क्षणभर चढून पुन्हा बसला तर बरोबर, चढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, पडला तर कमी.

आणि इथे मात्र अजिबात थांबू नकोस: पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आजच फेकून दे. अक्षरशः आजच. जुन्या रबराला इथेनॉल आतून खातं. मी टाकीपासून पुढे आलेली नळी ब्लेडने उभी चिरून बघितली होती; बाहेरून काळी, गुळगुळीत, आणि आतल्या बाजूला काजळीसारखे पापुद्रे सुटत होते. तेच पापुद्रे कार्बोरेटरला लागून असलेल्या पेट्रोलच्या वाटीत, फ्लोट चेंबरमध्ये, जाऊन तिथल्या झडपेची सुई अडकवतात, पेट्रोल ओसंडतं, आणि ते ओसंडतं गरम एक्झॉस्टच्या डोक्यावर. इथेनॉल चालेल अशा दर्जाची नळी माग, दुकानदाराकडून छापील मार्किंग दाखवून घे. नागदेवीत मिळते, तुला हवी तेवढी मी पाठवतो. क्लिपाही नव्या. आणि गॅरेजमध्ये अग्निशामक सिलिंडर नसेल, तर यादीत पहिला तोच.

ब्रेकबद्दलही हेच. तुझ्या गाडीला बहुतेक एकच सर्किट आहे, म्हणजे एक होज, ब्रेक ऑइलची रबरी नळी, फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. होज नवे, चाकांच्या सिलिंडरांचे सील नवे, ब्रेक ऑइल पूर्ण बदललेलं. हे झाल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर नेऊ नकोस. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. मी दर दोन वर्षांनी बदलतो. मुंबईचा पावसाळा बघता त्याहून जास्त ठेवायचा मला धीर होत नाही.

बाकीच्या यादीवर थोडक्यात. इलेक्ट्रॉनिक इग्निशन जरूर घाल, मीही घातलंय आणि सुखी आहे. पण आधी ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट आडवा हलतो का ते बघ; आणि त्यातून काढलेले जुने सीबी पॉइंट आणि कंडेन्सर डबीत घालून गाडीतच ठेव. अल्टरनेटर चांगला, फक्त जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, ते उलटवावं लागतं. तुझीही तशीच आहे का बघ, आणि टॅकोमीटर इलेक्ट्रॉनिक असेल तर तोही त्याप्रमाणे बदलून घ्यावा लागेल. हेडलाइटला रिले लाव. जुन्या स्विचवरचा भार जाईल आणि उजेड डोळ्यांना जाणवेल इतका वाढेल. पंख्याचं म्हणशील तर मी आधी रेडिएटर उतरवून रॉड मारून साफ करून घेतला. निम्म्या नळ्या गाळाने बंद होत्या. ते झाल्यावर काटा जागेवर आला. तरी सायनच्या सिग्नलला मे महिन्यात पंधरा मिनिटं उभं राहायचं असतं, म्हणून नंतर इलेक्ट्रिक पंखाही लावला, आणि तो निर्णय मला पटलेला आहे.

पाच गिअरचा बॉक्स मात्र नको रे. तुला दुसरा गिअर खरखरतो म्हणून तो हवाय ना? माझाही खरखरायचा. कोणीतरी कधीतरी आत जाडं गिअर ऑइल भरलं होतं, आणि एमजीबीच्या त्या बॉक्सला लागतं इंजिनचंच २० डब्ल्यू ५० ऑइल. बदललं आणि महिन्याभरात खरखर जवळजवळ गेली. तुझ्या बॉक्समध्ये काय भरलंय ते आधी काढून बघ, वास घे, मॅन्युअलशी ताडून बघ. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दोन चाकांचा वेग जुळवणारी सोय, नाहीच, तो गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा. बाबा डबल क्लच करून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, चालत्या गाडीत टाकायचे, जरासुद्धा आवाज न करता. मला ते पन्नाशी उलटल्यावर जमलं.

शिवाय कागदपत्रांचाही विचार कर. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी; चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार चालत नाहीत. नवा गिअरबॉक्स बसवायला त्याच्यावरच्या ट्रान्समिशन बोगद्याचा पत्रा कापण्याआधी तो नियम डोळ्यांखालून घाल. माझा स्वतःसाठी नियम साधा आहे: जे बसवीन ते उद्या काढून जुनं परत लावता आलं पाहिजे.

इकडची बातमी म्हणजे आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट आता नक्की झालं. बाबांनी १९७३ साली याच गॅरेजमध्ये गाडी पहिल्यांदा लावली. भिंतीवर त्यांनी खिळे ठोकून प्रत्येक इंची पान्याची आकृती काळ्या रंगाने काढून ठेवली आहे, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लांबून कळावं. नव्या टॉवरमध्ये यांत्रिक पार्किंग असणार. तिथे गाडी उभी राहील, तिच्याखाली झोपता येणार नाही. त्यामुळे हेड उतरवून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या करून घ्यायचं काम मी या पावसाळ्यातच उरकतोय. जुन्या मऊ सीटना सांभाळणारं शिशाचं पेट्रोल देशातून २००० सालीच गेलं, मी इतकी वर्षं चालढकल करत होतो. ते पान्यांचं चित्र असलेला लाकडी फळा भिंतीवरून अख्खा सोडवून घेता येईल, असं सुतार म्हणालाय. तुझ्याकडे जागा असेल तर तो तुझ्या गॅरेजमध्ये लावू या का? मला फार बरं वाटेल.

तर पुढच्या रविवारी एवढं कर. दोघं लागतील, वहिनींना किल्ली फिरवायला बसव. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, कॉइलची तार काढलेली, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. तू मीटर लाव, इंजिनचा ब्लॉक आणि बॉडी यांच्यामध्ये, आणि दुसऱ्या हाताचं बोट चोकच्या तारेवर ठेव. आकडा काय येतो तो मला लगेच कळव. मी दिवसभर गॅरेजमध्येच आहे.

तुझा,
नाना