एका ग्रॅममधला दीड गुंठा : मंत्रीमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

परवा माझी अधिछात्रवृत्तीची, म्हणजे पीएच.डी. करताना दरमहा मिळणाऱ्या पैशांची, फाईल चौथ्यांदा परत आली. या वेळचा शेरा, 'संशोधनाची उपयुक्तता स्पष्ट करावी.' मार्चअखेर थकबाकी जमा होईल, असं आम्हाला लेखी कळवलं होतं. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे. थकलेल्या नऊ महिन्यांचे ३,३३,००० झाले. खात्यात एक रुपया आलेला नाही.

उपयुक्तता विचारलीत ना, मग ऐका. मी सच्छिद्र टायटॅनियम डायऑक्साइड बनवतो. सेंद्रिय रेणूंच्या साच्याभोवती ऑक्साइड जमू द्यायचं आणि फर्नेसमध्ये ४५० अंशांवर साचा जाळून टाकायचा. मागे उरतात काही नॅनोमीटरची छिद्रं. माझ्या एका ग्रॅम पुडीचं पृष्ठफळ, म्हणजे छिद्रांच्या आतल्या भिंतींसकट सगळ्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, १५२ चौरस मीटर भरलं. म्हणजे दीड गुंठा! ही पूड उत्प्रेरक आहे, स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवते. तिच्यावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन उसळतात आणि पाण्यातले रंग, औषधांचे अंश मोडू लागतात. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थाचा इलेक्ट्रोड वापरून प्रकाशाने पाण्याचं विघटन करून दाखवलं. अडचण अशी की त्याला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते असतात जेमतेम पाच टक्के. या पदार्थाच्या अणूंच्या जाळीतले थोडे ऑक्सिजन अणू काढले तर तो दृश्य प्रकाशही घेऊ लागतो. जास्त काढले तर इलेक्ट्रॉन त्याच रिकाम्या जागांत अडकतात. ते 'थोडे' म्हणजे नेमके किती, यात माझं दुसरं वर्ष चाललंय.

सांगलीचं सांडपाणी घेऊन शेरी नाला कृष्णेत मिसळतो तिथे या, साहेब. उपयुक्तता तिथे उभं राहून ठरवू.

पृष्ठफळ मोजायला उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन लागतो. विभागाकडे त्याचे पैसे नाहीत. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी येणाऱ्या नायट्रोजनमधला थोडा मी हात जोडून मागून आणतो. मागच्या महिन्यात रात्री दोनला लाईट गेली, फर्नेस बंद पडली आणि तीन आठवड्यांचा नमुना वाया गेला. वडील मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी! पोरगा पीएच.डी. करतोय, असं ते सगळ्यांना सांगायचे. आता विषय निघाला की उठून जातात. आईच्या पाटल्या जानेवारीत गहाण पडल्या. मेस मी एकवेळची केली आहे.

देश संशोधनावर सकल उत्पन्नाचा एक टक्कासुद्धा खर्च करत नाही. २०२३ मध्ये संसदेने संशोधनाला निधी देणाऱ्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला, पाच वर्षांत ५०,००० कोटींची घोषणा झाली. त्यातलं काय पोचलं आमच्या सांगलीच्या प्रयोगशाळेत? केंद्राकडे गेलं की राज्याकडे बोट, राज्याकडे गेलं की विद्यापीठाकडे. उंबरे झिजवायलाच पीएच.डी.ला नाव घातलं का आम्ही? माझ्यासोबतच्या दोघांनी संशोधन सोडलं. एक औषध कंपनीत गोळ्या तपासतो, दुसरी घरी बसली आहे. हे नुकसान कोणत्या लेखापरीक्षणात येतं?

उपयुक्ततेचं पान पाचव्यांदा जोडून पाठवलं आहे. थकबाकी जमा करा आणि यापुढे महिन्याच्या महिन्याला पैसे द्या. पाटल्या सोडवायची मुदत १५ तारखेला संपते.

आपला,
एक संशोधक विद्यार्थी, सांगली